पिवळ्या डोळ्यांची सवय

सहा वर्षं माझे डोळे पिवळे होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एचआयव्हीच्या माझ्या पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या दिल्या. त्यातल्या एका गोळीने डोळ्यांत पिवळी झाक येते. ही कावीळ नाही, यकृताला धोका नाही, दिसेल तेवढंच, असं त्यांनी तेव्हाच समजावून सांगितलं होतं. ऑफिसात कोणी विचारलं तर मी म्हणायचे, झोप झाली नाही. पुढे लोकांनी विचारणं सोडलं आणि मी आरशात बघणं.

नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. त्याला टीबी झाला, बरा होईना, म्हणून एचआयव्हीची तपासणी केली आणि मग माझी केली. मलाही निघाला. मुलीला नाही. त्या दिवशी जे कळलं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी धरून ठेवलं. आमचं घर जासईला. सासरच्यांची पूर्वी मिठागरं होती. ती जमीन बंदरात गेली आणि तिच्या बदल्यात पुढे मला कंटेनर यार्डात नोकरी मिळाली. गेटवरच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरचा कंटेनर नंबर आणि सील नंबर कागदाशी ताडून बघायचा, हे माझं काम. अजूनही तेच करते.

नवरा गेल्यावर पहिलं वर्षभर मी गोळ्या घरापासून लपवल्या. जाऊ, दीर, येणारे-जाणारे, भरलं घर होतं. कधी लपवलेली बाटली काढता आली नाही, कधी काढावीशीच वाटली नाही. पहिल्या गोळ्या निकामी झाल्या त्या बहुधा त्या वर्षामुळे. मग पनवेलला लहानसा फ्लॅट घेतला, मुलीला घेऊन आले आणि त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही. बाटलीवरचा कागद भिजवून काढायचे आणि गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. मुलीला सांगितलं होतं, थायरॉइडच्या आहेत. वडील तापाने गेले, हेही तिला मीच सांगितलेलं. खरं काय ते घरात एकट्या सासूबाईंना माहीत होतं, कारण मुलाच्या आजारपणात सगळं त्यांनीच केलं होतं. त्या आजाराचं नाव मात्र त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर मला खाज सुटायला लागली. आधी तळपाय, मग तळहात, मग सगळं अंग. गेटवरच्या खिडकीत बसून मी फुटपट्टीने पाठ खाजवायचे. यार्डात धूळ असते, उकाडा असतो, त्यातूनच झालं असेल असं धरून चालले. लघवी चहासारखी व्हायला लागली तेव्हा पाणी जास्त प्यायले. डोळे आणखी पिवळे झाले, पण ते तर पिवळेच होते. गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम मिळालेल्या, त्यामुळे त्या आणायला सरकारी केंद्रात जायचंही कारण नव्हतं. मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची आणि आल्यावर पुन्हा ड्रॉइंग घेऊन बसायची. तिने एकदोनदा म्हटलं, आई, बारीक झालीस. मी म्हटलं, चांगलंच आहे की.

सासूबाई सुकट घेऊन आल्या त्या दिवशी रविवार होता. दारातच थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"तुजे डोले नेमी पिवले असतांत ते मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पन आज आंग बी पिवला दिसतंय गो."

मी गोळीचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला एका गावात कावीळ उतरवणारी बाई होती. त्यांच्या माहेरच्या कितीजणांना तिने पाला देऊन बरं केलं होतं म्हणे. माझा अशा औषधांवर विश्वास नव्हता, आणि माझ्या गोळ्यांबरोबर कुठलाही पाला चालणार नाही हेही मला पक्कं माहीत होतं. पण पंच्याहत्तरीच्या बाईशी दारात उभं राहून किती वाद घालायचा. जाऊन येऊ, औषध घेऊन येऊ आणि ते मी घेणार नाही, असं मनाशी ठरवून मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

बाई सासूबाईंच्याच वयाची होती. ओटीवर पाच-सहा माणसं बसलेली. माझा नंबर आला तेव्हा तिने माझे हात हातात घेऊन उलटे केले. कोपरापर्यंत ओरखडे होते. काही ओले, काही सुकलेले. तिने विचारलं, खाज कधीपासून. मग आवाज बारीक करून विचारलं, संडासला कशी होते, पांढरी का. मला धक्काच बसला, कारण ते मी कोणाजवळ बोलले नव्हते. आठ-दहा दिवस ती भिजवलेल्या मातीसारखी होत होती आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते.

मी हो म्हटल्यावर तिने माझे हात सोडले.

"ही माजी कावील नाय," ती सासूबाईंना म्हणाली. "हिला मी काय देनार नाय. उद्याच्या उद्या पोटाचा फोटो काढा."

 परत येताना रिक्षात मला उगीच त्या बाईचा राग आला होता. औषध दिलं असतं तर ते फेकून देऊन मी आणखी पंधरा दिवस ढकलले असते. तिने नाही म्हटल्यामुळे ते जमणार नव्हतं.

सोमवारी रजा टाकून एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारकेंद्रात गेले. माझ्या गोळ्या तिथूनच मिळतात. डॉक्टरांनी डोळे बघितले, हात बघितले आणि लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. त्यात पित्ताची नळी फुगलेली निघाली. पुढे सीटी, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या. आठवड्याभरात कळलं की पित्त आतड्यात उतरतं त्या नळीच्या अगदी खालच्या टोकाला गाठ आहे आणि ती बहुतेक कॅन्सरची आहे.

केंद्रात समुपदेशन करणाऱ्या ताई मला पहिल्या वर्षापासून ओळखतात. गोळ्या चुकवल्या म्हणून मला रागावलेल्याही त्याच आणि नंतर माझे रिपोर्ट बघून चहा पाजलेल्याही त्याच. मी त्यांना विचारलं, हे त्याच आजारामुळे का. त्या म्हणाल्या, एचआयव्ही असलेल्यांमध्ये काही कॅन्सर जास्त दिसतात, पण एका माणसाला बोट दाखवून सांगता येत नाही की तुला यामुळेच झाला. मग म्हणाल्या, "ताई, मी इथे लागले तेव्हा आमची माणसं चाळिशीसुद्धा बघायची नाहीत. आता तुम्ही लोक वय वाढेपर्यंत जगता, म्हणून वयाबरोबर येणारे आजारही तुमच्याकडे येतात. हाही एक आजार आहे. याच्यावर उपचार करायचे."

कॅन्सर झालाय हे मी घरी, ऑफिसात, शेजारी सगळीकडे सांगून टाकलं. सोपं गेलं. लोक येऊन बसले, कोणी शहाळी आणली, सुपरवायझरने स्वतः रजेचा अर्ज भरून दिला. इतकी वर्षं आजारी असून मला असं कोणी भेटायला आलेलं नव्हतं. ते बरंही वाटत होतं आणि लाजल्यासारखंही होत होतं, कारण अर्धीच गोष्ट सांगून मी सगळी माया घेत होते.

ओळखीतून एका खाजगी रुग्णालयातल्या सर्जनची वेळ मिळाली. मुलगी बरोबर होती. सर्जन आधी उत्साहाने बोलले, ऑपरेशन होण्यासारखं आहे म्हणाले, तारीखही सुचवली. मग मी मुलीला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि एआरटीचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बघितलं, हातात न घेता. पाच मिनिटं बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, आमच्याकडे सध्या या ऑपरेशनची सोय नाही, तुम्ही मुंबईला मोठ्या ठिकाणी दाखवा. मुलगी बाटली घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

परत येताना ती एकच विचारत राहिली, आत्ता तारीख देत होते, मग सोय नाही कशी. मी काहीबाही सांगत गेले. वडाळे तलावापाशी तिने रिक्षा थांबवायला लावली. संध्याकाळ व्हायला आली होती, लोक फेऱ्या मारायला आले होते. ती एका बाकावर बसली आणि म्हणाली, "आता खरं काय ते सांग. मी ऐकेपर्यंत उठणार नाही."

मी सांगितलं. अठरा वर्षं जे वाक्य मनात शंभर प्रकारांनी जुळवलं होतं, ते त्यातल्या एकाही प्रकाराने आलं नाही. मला एचआयव्ही आहे, तुझ्या बाबांनाही होता, एवढंच आलं.

ती समोर पाण्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आणि मला?"

"तुला नाही. चार वर्षांची होतीस तेव्हा तपासलं, नंतर पुन्हा तपासलं. तुला काही नाही."

ती उठली आणि तलावाला फेरी मारायला गेली. मी तिच्या मागे गेले नाही. मला ती लांबून दिसत होती, पलीकडच्या काठाने चालताना, मग माणसांच्या आड, मग पुन्हा. फेरी पुरी करून ती आली तेव्हा माझ्या शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"मी नववीत होते," ती म्हणाली. "तू कोळंबी सोलताना तुझं बोट कापलं. मी रुमाल घेऊन धावत आले तर तू ओरडलीस, हात लावू नकोस. इतक्या जोरात ओरडलीस की मी दचकून मागे सरकले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की तुला मी जवळ आलेली आवडत नाही."

मला तो दिवस आठवत होता. ती घाबरून मागे गेली तेही आठवत होतं. मी समजत होते की मी तिला वाचवलं. मी म्हटलं की मला भीती वाटली, गोळ्या चालू असताना तेवढ्याने काही होत नाही हे डॉक्टरांनी कितीदा सांगूनही वाटली, आणि माझं चुकलं. ती म्हणाली, हो, चुकलं. मग रिक्षा बघायला गेली.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. रागावली होती ती आजारावर नाही, थायरॉइडवर. पण त्या चार दिवसांत तिने काय काय केलं ते मला नंतर कळलं. ती एकटी केंद्रात जाऊन समुपदेशक ताईंना भेटली होती. खाजगी रुग्णालयाने असं नाकारणं कायद्यात बसत नाही, तक्रार करता येते, असं त्यांनी तिला सांगितलं. ती तक्रार करायला तयार होती. मी नको म्हटलं. माझ्यात जी काय ताकद होती ती मला दुसरीकडे लागणार होती. ताईंनीच मग मुंबईच्या कर्करोग रुग्णालयात फोन केले, चिठ्ठी दिली आणि आम्ही तिथे गेलो.

तिथले सर्जन चाळिशीचे, बुटके, सावकाश बोलणारे. मी कार्ड सगळ्यात आधी पुढे केलं, म्हणजे नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणतील. त्यांनी ते उघडून शेवटपर्यंत वाचलं. विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं कमी, प्रतिकारशक्तीच्या पेशी भरपूर. त्यांनी विचारलं, गोळ्या किती चुकतात. मी खरं सांगितलं, पहिल्या वर्षी पुष्कळ, त्यानंतर एकही नाही.

"ऑपरेशन मोठं आहे," ते म्हणाले. "पण तुमचा एचआयव्ही हे ते न करण्याचं कारण नाही. उलट इतकी वर्षं तुम्ही या गोळ्या नेमाने घेतल्यात, म्हणून मी आज तुमच्याशी ऑपरेशनचं बोलू शकतोय."

गाठ नळीच्या तोंडाशीच असल्यामुळे कावीळ लवकर दिसली आणि कावीळ दिसली म्हणून ती वेळेत सापडली, हेही त्यांनी सांगितलं. आधी दुर्बिणीतून नळीत एक बारीक पोकळ नळी बसवली, पित्त वाहतं केलं. तीन दिवसांत खाज थांबली. खाज नसलेलं अंग काय सुखाचं असतं ते मी विसरूनच गेले होते.

ऑपरेशनच्या आधी जासईला जाऊन आलो. सासूबाईंना समजावायचं कसं हा प्रश्न होता. मुलीने ट्रेसिंग पेपरवर यकृत, नळी, स्वादुपिंड, आतडं असा व्यवस्थित नकाशा काढला होता, मोजमाप घालून, आणि दुसऱ्या कागदावर ऑपरेशननंतर काय कुठे जोडणार तो. आजीच्या समोर दोन्ही पसरून तिने पेन्सिलीने दाखवलं. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं.

"म्हंजे उघाडी तुंबली हाय," त्या म्हणाल्या. मिठागराच्या बांधाला खाडीचं पाणी घ्यायला-सोडायला जे दार असतं ते म्हणजे उघाडी. "ती काढून बांध दुसरीकडून फोडनार."

मुलगी म्हणाली, अगदी तसंच. मग सासूबाईंनी नातीला विचारलं, तुला सगळं सांगितलं का हिने. मुलीने मान हलवली. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरा झाला. मी दमले व्हते."

ऑपरेशन आठ-नऊ तास चाललं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात, पोटात, हातात नळ्या होत्या आणि मुलगी पायापाशी उभी होती. पाचव्या दिवशी ताप भरला. आत एका जोडणीतून थोडा पाझर होतोय असं निघालं. पुन्हा पोट उघडावं लागेल की काय, अशी दोन दिवस चर्चा होती. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा मनापासून घाबरले. नवऱ्याच्या वेळेला, माझ्या निकालाच्या वेळेला मला मुलीला वाढवायचं होतं, घाबरायला फुरसत नव्हती. आता ती वाढलेली माझ्यासमोर स्टुलावर बसली होती आणि मला नुसतं जगायचं होतं, स्वतःसाठी. असं वाटणं मला नवीन होतं. ताप आपणहून उतरला. पाझर नळीवाटे बाहेर येत राहिला आणि हळूहळू कमी झाला. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण विचारायची, तुमच्या आईला आणखी काय आहे, तिच्या फाइलीत एवढे कागद कसे. मुलगी शांतपणे सांगायची, पित्ताच्या नळीचा कॅन्सर, काकू. तेवढंच.

तीन आठवड्यांनी घरी आले ती पोटातली एक नळी तशीच घेऊन. तिच्या भोवतीची पट्टी रोज बदलायची होती. मी म्हटलं, नर्स लावू. मुलीने हात धुतले, हातमोजे चढवले, ट्रे घेऊन आली. माझा हात आपोआप मध्ये आला. तिने तो उचलून बाजूला ठेवला. "यात अवघड काही नाही," ती म्हणाली, "मला शिकवलंय त्यांनी." पट्टी काढताना ती जीभ दातांत धरून काम करत होती. लहानपणी चित्र रंगवताना अशीच धरायची. मी छताकडे बघत राहिले, कारण खाली बघितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि पोट हललं असतं.

गाठीच्या रिपोर्टात कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे गाठ पूर्ण काढली गेली होती. पुढे सहा महिने केमोच्या गोळ्या होत्या. तळहातांची सालं निघायची, पोळी तोडताना झोंबायचं, मुलगी भात कालवून चमच्याबरोबर द्यायची. कॅन्सरच्या आणि केंद्रातल्या डॉक्टरांनी आपसात बोलून माझी एचआयव्हीची गोळीही बदलली. महिन्याभरात डोळे पांढरे झाले. मुलीच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. ती म्हणाली, तू वेगळीच दिसतेस, आणि मोबाइलवर फोटो काढून दाखवला.

आता ऑपरेशनला दोन वर्षं होतील. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आधीचा आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. जेवण थोडं-थोडं, पाच वेळा, आणि त्याबरोबर पचनाची कॅप्सूल. गेटवरच्या खिडकीत मी परत बसते. ऑफिसात अजून फक्त कॅन्सरच माहीत आहे. दुसरं सांगायचं धैर्य मला झालेलं नाही आणि होईलच असंही म्हणत नाही. मुलगी पुण्याला एका आर्किटेक्टकडे लागली, शनिवारी येते. सासूबाई माझ्याकडे राहायला आल्यात. लिफ्टला भितात, त्यामुळे तीन मजले चढतात.

गेल्या महिन्यात केंद्रात गोळ्या घ्यायला गेले तेव्हा समुपदेशक ताईंनी मला थांबायला सांगितलं. आत विशी-बाविशीची एक मुलगी बसली होती, सहावा महिना असेल. तिला नुकतंच कळलं होतं आणि ती कोणाशी बोलत नव्हती. ताई म्हणाल्या, तुम्ही नुसत्या तिच्याजवळ बसा. मी बसले.  शेवटी तिनेच विचारलं, तुम्हाला किती वर्षं झाली.

"विसावं चालू आहे," मी म्हटलं. "मला मुलगी आहे. नोकरी करते. तिला काही नाही."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग पोटावर ठेवलेल्या हाताची बोटं एकेक करून दुमडत ती काहीतरी मोजायला लागली. वीस वर्षांनी तिचं मूल कॉलेजात असेल, कदाचित नोकरीलाही. तिचं मोजून झालं. तिने पदराने नाक पुसलं आणि ताईंना विचारलं, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.